नोकरी सांभाळून रिटेलचं एमबीए: आधी रोस्टर, मग प्रवेश अर्ज

दुकानात किंवा मॉलमधल्या शोरूममध्ये काम करता करता एमबीए करणाऱ्यांची गाडी अडते ती अभ्यासक्रम अवघड आहे म्हणून नाही. अडते कारण ऑनलाइन लेक्चर रविवारी सकाळी असतं आणि रविवारी फ्लोअरवर पाय ठेवायला जागा नसते. असाइनमेंटची मुदत दसरा-दिवाळीच्या मध्ये येते. परीक्षा डिसेंबरात आणि जूनमध्ये येते, सेलही तेव्हाच. अभ्यासाची तयार वेळापत्रकं दहा ते सहा नोकरी आणि शनिवार-रविवार सुट्टी धरून बनवलेली असतात, ती आपल्या कामाची नाहीत. म्हणून इथे क्रम उलटा आहे: आधी कामाचं वर्ष मांडायचं, मग विद्यापीठ निवडायचं, आणि फी अगदी शेवटी.

## १. कामाचं वर्ष कागदावर मांडा

एक वही घ्या, ५२ ओळी आखा, प्रत्येक ओळ एका आठवड्याची. मागच्या वर्षीचा रोस्टर, म्हणजे शिफ्ट आणि सुट्ट्यांचं वेळापत्रक, समोर ठेवा आणि ज्या आठवड्यांत रजा मिळत नाही ते लाल करा. कपड्यांच्या दुकानात साधारण हे लाल होतात: गणपतीच्या आधीचे दोन आठवडे, घटस्थापनेपासून भाऊबीजेपर्यंतचा सगळा काळ, नाताळच्या सुमारास सुरू होऊन जानेवारीत रेंगाळणारा सेल, जूनअखेर सुरू होणारा दुसरा सेल, आणि वार्षिक स्टॉक टेकचे, म्हणजे माल मोजणीचे, तीन-चार दिवस. किराणा आणि सुपरमार्केटवाल्यांनी यात २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टच्या ऑफर्स आणि प्रत्येक महिन्याचा पहिला आठवडा धरावा. सोन्याच्या दुकानात असाल तर गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया आणि लग्नसराई.

आता त्याच वहीत विद्यापीठाच्या तारखा हिरव्या पेनाने टाका: असाइनमेंटची मुदत, परीक्षा अर्जाची मुदत, परीक्षा. मागच्या दोन सत्रांच्या तारखा विद्यापीठाच्या जुन्या सूचनांमध्ये सापडतात. यंदाच्या जाहीर व्हायची वाट बघू नका.

इथे एक बारीक गोष्ट निसटते. दिवाळी दरवर्षी सरकते, परीक्षा फारशी सरकत नाही. लक्ष्मीपूजन २०२३ मध्ये १२ नोव्हेंबरला होतं, २०२४ मध्ये १ नोव्हेंबरला, २०२५ मध्ये २१ ऑक्टोबरला. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे ते ८ नोव्हेंबरला जातं. म्हणजे डिसेंबरच्या सुरुवातीला पेपर असेल तर २०२५ मध्ये दिवाळीनंतर जवळपास सहा आठवडे हातात होते, २०२६ मध्ये जेमतेम साडेतीन ते चार. अधिक महिन्याच्या वर्षी त्या सत्रात एक विषय कमी घ्यावा, एवढं सरळ गणित आहे.

तपासा: लाल आणि हिरवा एकाच ओळीत किती वेळा आला? तीनपेक्षा जास्त वेळा आला तर जुलैऐवजी जानेवारीत प्रवेश घेऊन पाहा, किंवा दुसरं विद्यापीठ बघा.

## २. मान्यता तपासा, जाहिरात नव्हे

नोकरी करणाऱ्यांसमोर ढोबळ तीन वाटा आहेत. पहिली, दूरस्थ पद्धत. इग्नू किंवा नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ ही परिचित नावं. दुसरी, विद्यापीठांचं ऑनलाइन एमबीए. तिसरी, संध्याकाळचा अर्धवेळ वर्ग. मुंबई विद्यापीठाचं तीन वर्षांचं एमएमएम (मास्टर ऑफ मार्केटिंग मॅनेजमेंट) याच प्रकारातलं. संध्याकाळचे वर्ग हेड ऑफिसात मर्चंडायझिंग किंवा बायिंगमध्ये, म्हणजे मालाच्या नियोजनात किंवा खरेदीत, असणाऱ्यांना जमतात. दुकानात असणाऱ्याने त्यांच्या नादी लागू नये. क्लोजिंग शिफ्टच्या, म्हणजे दुकान बंद होईपर्यंतच्या, आठवड्यात एकही वर्ग मिळणार नाही आणि हजेरीत अडकाल.

दूरस्थ आणि ऑनलाइन अभ्यासक्रमांना यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) दूरशिक्षण विभागाची, म्हणजे डीईबीची, मान्यता लागते. ही मान्यता विद्यापीठाला सरसकट मिळत नाही. ती विशिष्ट अभ्यासक्रमाला, विशिष्ट पद्धतीसाठी आणि विशिष्ट सत्रासाठी मिळते. म्हणून डीईबीच्या संकेतस्थळावर जाऊन या चारही गोष्टी एकत्र जुळतात का ते बघा:

१. विद्यापीठाचं पूर्ण नाव. मिळत्याजुळत्या नावांची विद्यापीठं बरीच आहेत.
२. अभ्यासक्रमाचं नाव. फक्त ‘एमबीए’ आहे की ‘एमबीए रिटेल मॅनेजमेंट’.
३. पद्धत. दूरस्थ की ऑनलाइन.
४. तुम्ही प्रवेश घेताय तेच वर्ष आणि तेच सत्र.

दुसऱ्या मुद्द्यावर थांबा. बऱ्याच ठिकाणी रिटेल हा स्वतंत्र अभ्यासक्रम नसून तिसऱ्या-चौथ्या सत्रातला ऐच्छिक गट असतो. पदवीवर नुसतं ‘एमबीए’ छापलं जातं. त्यात वाईट काही नाही, उलट उद्या क्षेत्र बदलायचं झालं तर बरंच. पण पुरेसे विद्यार्थी नसले तर तो गट चालवलाच जात नाही, असंही होतं. ‘रिटेलचा गट यंदाच्या तुकडीला नक्की मिळणार का?’ हा प्रश्न विद्यापीठाला ईमेलने विचारा आणि उत्तर जपून ठेवा. फोनवरचं ‘हो सर, नक्की’ धरू नका.

पीजीडीएम (पोस्ट ग्रॅज्युएट डिप्लोमा इन मॅनेजमेंट) ही पदविका आहे, पदवी नव्हे. खासगी नोकरीत बढतीसाठी ती चालते. पुढे पीएचडी किंवा सरकारी नोकरी मनात असेल तर त्या पदविकेला एमबीएची समकक्षता आहे का, हे आधी बघा.

सावधान: ‘एका वर्षात एमबीए’ किंवा ‘मागच्या तारखेचा प्रवेश’ असं कुणी म्हणालं तर तिथून उठा. दूरस्थ किंवा ऑनलाइन एमबीएला किमान दोन वर्षं लागतातच. फ्रँचायझी देऊन असे अभ्यासक्रम चालवायला यूजीसीची परवानगी नाही, त्यामुळे गल्लीतल्या ‘अधिकृत केंद्रा’त फी भरू नका, थेट विद्यापीठाच्या खात्यात भरा. ‘सोप्या मासिक हप्त्यात फी’ म्हणजे अनेकदा तुमच्या नावावर एखाद्या वित्त कंपनीचं कर्ज असतं. अभ्यासक्रम सोडला तरी हप्ता सुटत नाही.

## ३. नाव जुळवा, मग आयडी काढा

दूरस्थ आणि ऑनलाइन प्रवेशाला आता डीईबी आयडी लागतो, आणि तो काढायला आधी एबीसी आयडी, म्हणजे अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा क्रमांक, लागतो. क्रम असा: आधार दुरुस्त, मग डिजिलॉकर, मग एबीसी, मग डीईबी, मग विद्यापीठाचा अर्ज. उलट्या क्रमाने गेलात तर चुकीचं नाव पुढे सगळीकडे चिकटतं.

महाराष्ट्रात घोळ होतो तो नावाच्या मांडणीचा. इथल्या विद्यापीठांच्या गुणपत्रिकांवर बहुधा आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, वडिलांचं नाव आणि शेवटी आईचं नाव असतं. आधारवर स्वतःचं नाव आधी. अर्जात ‘फर्स्ट नेम’च्या रकान्यात गुणपत्रिकेवरचा पहिला शब्द टाकला की आडनावच नाव होऊन बसतं. लग्नानंतर आधारवर नाव बदललेलं आणि पदवी माहेरच्या नावाने असेल तर राजपत्रातली नोंद किंवा विवाह प्रमाणपत्र अर्जाच्या आधीच हाताशी ठेवा.

प्रवेशासाठी पदवीत साधारणपणे ५० टक्के लागतात, राखीव प्रवर्गाला ४५. ४९.६ टक्क्यांना वर ओढून ५० धरतात का, हे प्रत्येक विद्यापीठाचं वेगळं असतं. विचारून घ्या.

## ४. एका सत्रात किती विषय?

इग्नूच्या हिशोबात एक क्रेडिट म्हणजे ३० तासांचा अभ्यास. चार क्रेडिटचा विषय म्हणजे १२० तास. पाच विषय घेतले तर ६०० तास.

आता तुमच्याकडचे तास मोजा. ओपनिंग शिफ्टच्या आठवड्यात चार दिवस दीड-दीड तास, म्हणजे ६. क्लोजिंगच्या आठवड्यात चार दिवस अडीच-अडीच तास, म्हणजे १०. वीकली ऑफला ४ धरा, जास्त धरू नका, त्या दिवशी घरची कामंही असतात. सरासरी आठवड्याला १२ तास. सत्रात लाल आठवडे वगळून १८ उरले तर २१६ तास होतात.

२१६ भागिले १२० म्हणजे दोनही पूर्ण विषय होत नाहीत! प्रत्यक्षात स्टोअर ऑपरेशन्स किंवा मार्केटिंगसारख्या विषयाला तुम्हाला निम्म्याहून कमी तास पुरतील, कारण त्यातलं बरंच रोज हाताखालून जातं. अकाउंट्स, संख्याशास्त्र आणि ऑपरेशन्स रिसर्चला पूर्ण लागतील. म्हणून एक आकड्यांचा आणि दोन वाचनाचे, असे तीन विषय हा दुकानातल्या माणसासाठी झेपणारा आकडा आहे. सत्रातले उरलेले विषय पुढच्या सत्रात द्यायची मुभा आणि अभ्यासक्रमाची कमाल मुदत, दोन्ही माहितीपुस्तिकेत दिलेली असते. इग्नूत एमबीएला किमान दोन, कमाल चार वर्षं मिळतात. तीन वर्षांत पूर्ण करायचं ठरवून दाखल व्हा. दोनचं ठरवून चार लागणाऱ्यांपेक्षा ते पुष्कळ बरं.

## ५. आठवडा शिफ्टप्रमाणे बांधा

रात्री घरी येऊन अभ्यास, हा बेत क्लोजिंग शिफ्टमध्ये पहिल्याच आठवड्यात कोसळतो. कॅश टॅली करून, शटर ओढून घरी पोचायला अकरा-साडेअकरा होतात. शिफ्ट बदलली की संध्याकाळ बदलते, सकाळ मात्र दोन्हीकडे सापडते. म्हणून अभ्यास सकाळीच ठेवा: ओपनिंगला सहा ते साडेसात, क्लोजिंगला साडेआठ ते अकरा.

आकड्यांचा विषय क्लोजिंगच्या आठवड्यात, सलग अडीच तासांत. वाचनाचा विषय ओपनिंगच्या तुकड्यांत. लोकलमध्ये किंवा बसमध्ये फक्त ऐकायचं किंवा आधी वाचलेलं उजळायचं, नवीन प्रकरण तिथे सुरू करू नका.

रविवारचं थेट लेक्चर चुकणारच, त्याची खंत नको. पण रेकॉर्डिंग ‘नंतर बघू’ म्हणून साठवलं की सहाव्या आठवड्यात अठरा तासांचा ढीग होतो. नियम ठेवा: रविवारचं लेक्चर त्याच आठवड्याच्या वीकली ऑफपर्यंत बघून संपवायचं. राहिलं तर ते सोडायचं आणि पुस्तकातून ते प्रकरण करायचं.

तपासा: पहिल्या चार आठवड्यांत प्रत्यक्ष झालेले तास लिहून ठेवा. आठवड्याला आठच्या खाली असतील तर परीक्षा अर्ज भरताना एक विषय गाळा.

## ६. असाइनमेंट लाल आठवड्यांच्या आधी

यूजीसीच्या २०२० च्या नियमांप्रमाणे सत्रातल्या मूल्यमापनाला जास्तीत जास्त ३० टक्के आणि सत्रान्त परीक्षेला किमान ७० टक्के भार असतो. या तीस टक्क्यांकडे दुर्लक्ष करून लोक पास व्हायचे गुण हातचे घालवतात.

प्रश्न हाती आल्यावर तीन आठवड्यांत कच्चं उत्तर तयार हवं. हिवाळी सत्रात असाइनमेंट गणपतीच्या आधी संपवा, मुदत वाढेल या भरवशावर बसू नका. बाजारात विकत मिळणारी तयार उत्तरं शेकडो जण उतरवतात आणि तपासणाऱ्याला ती पाठ झालेली असतात. प्रत्येक उत्तरात तुमच्या दुकानातलं एक उदाहरण घाला, नाव न घेता. जमा केल्याची पावती किंवा स्क्रीनशॉट निकाल लागेपर्यंत ठेवा. इग्नूसारख्या ठिकाणी परीक्षेचा अर्ज वेगळा भरावा लागतो, प्रवेश घेतला म्हणजे परीक्षेला नाव आपोआप लागत नाही.

## ७. रिटेलचं गणित: रोज वापरतो, तरी चुकतं

ज्यांच्या हातून रोज लाखाची बिलं जातात तेही या प्रश्नांत गुण घालवतात. कारण दुकानातली बोली आणि पुस्तकाची व्याख्या वेगळी असते.

मार्जिन आणि मार्कअप. शर्टाची एमआरपी १,०५० रुपये, जीएसटी ५ टक्के. एमआरपीत कर धरलेला असतो, म्हणून तो आधी बाहेर काढा: १,०५० भागिले १.०५ म्हणजे १,००० रुपये. कर वगळून खरेदी ६०० रुपये. नफा ४००. मार्जिन विक्रीवर काढतात: ४०० भागिले १,०००, म्हणजे ४० टक्के. मार्कअप खरेदीवर काढतात: ४०० भागिले ६००, म्हणजे ६६.६७ टक्के. कर न काढता १,०५० मधून थेट ६०० वजा केले तर मार्जिन ४२.८६ टक्के येतं आणि पुढची सगळी उत्तरं चुकतात.

आता २० टक्के सूट द्या. ग्राहक ८४० रुपये देतो, कर काढून ८०० उरतात, नफा २००. मार्जिन ४० वरून २५ टक्क्यांवर आलं, आणि रुपयांत नफा थेट निम्मा झाला. तेवढेच रुपये कमवायला दुप्पट शर्ट विकावे लागतील. सूट वीस टक्के म्हणून नफाही वीस टक्क्यांनी घटतो असं उत्तरपत्रिकेत लिहिणारे पुष्कळ असतात.

(कपड्यांवरचे जीएसटीचे टप्पे २२ सप्टेंबर २०२५ पासून बदलले: नगाला २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के, त्यावर १८. अभ्याससाहित्यात जुने १,००० रुपयांचे टप्पे दिसतील. परीक्षेत प्रश्नात दिलेलाच दर घ्या.)

जीएमआरओआय (ग्रॉस मार्जिन रिटर्न ऑन इन्व्हेस्टमेंट). स्टॉकमध्ये गुंतवलेल्या एका रुपयावर वर्षात किती ग्रॉस मार्जिन मिळालं, ते. ग्रॉस मार्जिन २४ लाख, खरेदी किमतीने सरासरी स्टॉक १२ लाख, तर उत्तर २. चूक होते सरासरीत. ३१ मार्चला, सेल आटोपून गोडाऊन रिकामं असताना, स्टॉक ८ लाख असतो. तोच धरला की उत्तर ३ येतं आणि धंदा आहे त्यापेक्षा दीडपट चांगला दिसतो. बारा महिन्यांचे शेवटचे आकडे आणि एक सुरुवातीचा, अशा तेरा आकड्यांची सरासरी घ्या.

ओपन टू बाय. या महिन्यात आणखी किती माल मागवता येईल, तो आकडा. नियोजित विक्री १२ लाख, मार्कडाउन (सूट देऊन कमी केलेली किंमत) १ लाख, महिनाअखेर हवा असलेला स्टॉक २० लाख. बेरीज ३३. त्यातून हातातला स्टॉक १८ लाख आणि आधीच ऑर्डर दिलेला माल ९ लाख वजा करा. उरले ६ लाख. हे विक्री किमतीने आहेत. मार्जिन ४० टक्के असेल तर खरेदीला ६० टक्के, म्हणजे ३ लाख ६० हजार. मार्कडाउन मिळवायला विसरणं आणि शेवटी खरेदी किमतीत न आणणं, या दोनच चुका होतात, पण बहुतेकांच्या दोन्ही होतात.

कन्व्हर्जन. आत आलेल्यांपैकी किती जणांनी खरेदी केली, ते. २०० फुटफॉल (आत आलेली माणसं), ५० बिलं, म्हणजे २५ टक्के. दारावरचा काउंटर चौघांच्या कुटुंबाला चार मोजतो आणि बिल एकच होतं, शिवाय चहाला बाहेर गेलेला स्टाफही त्यात येतो. उत्तरात ही मर्यादा एका ओळीत लिहिली की प्रश्न समजल्याचं दिसतं.

## ८. परीक्षेची रजा आणि पेपर

महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ लागू असलेल्या आस्थापनेत वर्षाला आठ दिवस किरकोळ रजा असते. ती तिमाहीने खात्यात जमा होते आणि वर्षअखेर न वापरलेली बुडते. म्हणून जुलैनंतरची किरकोळ रजा शक्यतो डिसेंबरच्या पेपरांसाठी राखून ठेवा आणि जूनच्या पेपरांना अर्जित रजा ठेवा.

तात्पुरतं वेळापत्रक आलं की त्याच दिवशी स्टोअर मॅनेजरना तारखा लेखी द्या आणि सोबत तोड सुचवा: ‘या तीन दिवसांच्या बदल्यात सेलच्या पहिल्या दोन वीकेंडला मी क्लोजिंग करतो.’ नुसती रजा मागितली की ती एरिया मॅनेजरपर्यंत जाऊन अडकते. पेपरच्या आदल्या दिवशी क्लोजिंग नको, एवढी एकच अट धरून ठेवा.

परीक्षा ऑनलाइन असेल तर आठ दिवस आधी त्याच लॅपटॉपवर आणि त्याच नेटवर सराव चाचणी द्या. दुकानाच्या बॅक स्टोअरमध्ये बसून पेपर द्यायचा विचारही नको. मागून कोणी स्टॉक घ्यायला आलं की कॅमेरा नोंद करतो.

## ९. प्रकल्प: तुमचं दुकान हीच प्रयोगशाळा

‘ग्राहक समाधानाचा अभ्यास’ हा विषय घेऊ नका. ओळखीच्या शंभर जणांना गूगल फॉर्म पाठवून निघणारे निष्कर्ष तोंडी परीक्षेत दोन प्रश्नांत ढासळतात. मोजता येईल असा छोटा प्रश्न घ्या: मधल्या साइझ संपल्यामुळे किती विक्री हुकते? बिलिंगची रांग पाचच्या वर गेली की किती जण सामान ठेवून निघून जातात? ट्रायल रूममधून परत येणाऱ्या कपड्यांत कोणता माल जास्त?

क्रम असा ठेवा:

१. कंपनीची लेखी परवानगी. त्यात कुठले आकडे वापरायचे ते नमूद हवं.
२. प्रकल्पाचा सारांश विद्यापीठाकडून मंजूर करून घेणं. मंजुरीआधी आकडे गोळा केले आणि विषय बदलायला सांगितला तर मेहनत वाया.
३. दुकानात एक बदल करून त्याच्या चार आठवडे ‘आधी’, चार आठवडे ‘नंतर’ मोजणं. दोन्ही पांढऱ्या, म्हणजे वहीत लाल न केलेल्या, आठवड्यांतले, वाराला वार जुळवून.
४. विक्रीचे खरे आकडे न देता निर्देशांक द्या. पहिला आठवडा ४ लाख असेल तर तो १००, मग ४ लाख ६० हजार म्हणजे ११५.

ऑक्टोबरची ऑक्टोबरशी तुलना करू नका. दिवाळी एका वर्षी त्यात असते, एका वर्षी नसते. तुलना लक्ष्मीपूजनापासून मागे आठवडे मोजून करा.

सावधान: लॉयल्टीच्या यादीतले मोबाइल नंबर काढून सर्व्हेची लिंक पाठवू नका. ग्राहकाने नंबर त्यासाठी दिलेला नाही, आणि नोकरीवर बेतू शकतं. साम्य तपासणीत, म्हणजे मजकूर कुठून उचललाय का या तपासणीत, यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंत दंड नाही, ४० पर्यंत सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यावं लागतं, त्यावर शिक्षा वाढत जाते. साम्य वाढतं ते पहिल्या दोन प्रकरणांत, कंपनीची माहिती तिच्या संकेतस्थळावरून उचलल्यामुळे. ती चार ओळींत स्वतःच्या शब्दांत लिहा.

## १०. निकालानंतर

शेवटचा निकाल लागला की एबीसी खात्यात सगळ्या विषयांची क्रेडिट्स आली का ते मोजा. एखादी असाइनमेंट न चढल्याने एक विषय ‘अपूर्ण’ राहणं नेहमीचं आहे, आणि तेव्हाच जपून ठेवलेली पावती लागते. पदवी प्रमाणपत्राचा अर्ज अनेक ठिकाणी वेगळा असतो, त्याची मुदत चुकवू नका. तात्पुरतं प्रमाणपत्र हाती येताच एचआरच्या फाइलमध्ये लेखी नोंद करून घ्या. बढतीची यादी मार्चमध्ये बनत असेल तर जानेवारीतच.